स्पीच थेरपी संपली, आता पुढे? पार्किन्सनमध्ये आवाज टिकवण्याची रोजची रीत

बाबांच्या आवाजाची तक्रार सुरू झाली, तेव्हा पहिली तपासणी झाली ती आईच्या कानांची. बाबा म्हणायचे, "हिला हल्ली ऐकू येत नाही." आईलाही ते पटायला लागलं होतं, कारण दिवसातून पन्नासदा "काय म्हणालात?" विचारायची वेळ तिच्यावर यायची. शेवटी ऑडिओमेट्री केली. आईचे कान ठणठणीत निघाले. पार्किन्सनच्या बऱ्याच घरांत गोष्ट अशीच सुरू होते, हे मला नंतर कळलं.

पुढे स्पीच थेरपी झाली. चार आठवडे, आठवड्यातून चार दिवस, दर वेळी एक तास. आवाज परत आला. शेवटच्या दिवशी थेरपिस्टने व्यायामाचा कागद हातात दिला, आम्ही खुशीत घरी आलो आणि तिथेच चुकलो. कागद कपाटावर चिकटवला, दोन आठवडे नेमाने चाललं, मग पाहुणे आले, मग सर्दी झाली. तिसऱ्या महिन्यात आई पुन्हा "काय म्हणालात?" विचारू लागली.

थेरपी नुकतीच संपली आहे किंवा संपत आली आहे, अशा घरांसाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, शुभंकर आहे. मराठीतल्या पार्किन्सन गटांत पेशंटला 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. मला हे शब्द आवडतात, म्हणून इथे तेच वापरते.

बिघाड घशापेक्षा अंदाजात जास्त आहे

हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून आधी एवढंच समजून घ्या. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि आपोआप होणाऱ्या हालचाली लहान होतात. पाऊल आखूड पडतं, अक्षर बारीक होतं, चेहरा कोरा दिसतो. आवाजाचंही तेच होतं. श्वास उथळ घेतला जातो, स्वरतंतू पुरते मिटत नाहीत, जीभ आणि ओठ अर्ध्या वाटेतून परत फिरतात. जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या आजारावर पहिला निबंध लिहिला, त्यातही बोलणं अस्पष्ट होण्याची नोंद आहे. दहांतल्या सात ते नऊ जणांना कधी ना कधी हा त्रास होतोच.

खरी गोम पुढे आहे. आपला आवाज लहान झालाय हे शुभार्थीला जाणवतच नाही. त्याच्या कानाला तो नेहमीचाच वाटतो. आणि इतरांना नेहमीचा वाटेल अशा आवाजात तो बोलला, तर त्याला स्वतःला ओरडल्यासारखं वाटतं. 'एलएसव्हीटी लाउड' या स्पीच थेरपीच्या पद्धतीत चार आठवडे जे घोटून घेतात ते मुख्यतः हेच: आवाजाचा हा आतला काटा पुन्हा जागेवर आणणं. म्हणून तिथे "जीभ अशी ठेवा, ओठ तसे ठेवा" असं दहा गोष्टींचं व्यवधान देत नाहीत. सूचना एकच असते, "मोठ्याने". एक मोठा आवाज काढायचा म्हटलं की श्वास, ओठ आणि चेहरा त्याच्या मागोमाग येतात.

थेरपीनंतर घसरतो तो हा काटा. बाबा पुन्हा हळू बोलू लागले त्यात आळस नव्हता, त्यांना खरोखरच आपण मोठ्याने बोलतोय असं वाटत होतं. त्यामुळे घरात एक करार करून टाका: आवाज पुरेसा आहे की नाही, हे ऐकणाऱ्याच्या कानांनी ठरवायचं. आमच्याकडे त्यावर वाद झाले. "मी ओरडू का आता?" असं बाबा चिडून विचारायचे. तो प्रश्न मात्र अगदी खणखणीत यायचा!

पहिल्याच आठवड्यात आवाज रेकॉर्ड करा

थेरपी संपते तेव्हा आवाज सर्वांत चांगला असतो. तो जपून ठेवा, पुढे ताडून पाहायला उपयोगी पडतो. टेबलावर फोन ठेवायचा, तोंडापासून साधारण हातभर अंतरावर. एक लांब 'आ', वर्तमानपत्रातला एक परिच्छेद, आणि मिनिटभर मनाने काहीही बोलणं. मग दर महिन्याच्या एक तारखेला तीच जागा, तेच अंतर, तोच परिच्छेद आणि दिवसाची तीच वेळ. आवाज मोजणारी मोफत अ‍ॅप्स मिळतात, ती वापरायला हरकत नाही, पण दोन फोन दोन वेगळे आकडे दाखवतात. आपल्या फोनची तुलना आपल्याच मागच्या महिन्याशी करा.

या रेकॉर्डिंगचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. बाबांना मी सांगून जे पटत नव्हतं, ते स्वतःचा आवाज ऐकून एका मिनिटात पटलं.

रोजची पंधरा मिनिटं

वेळ आधी ठरवा. गोळीचा असर चढलेला असतो तेव्हाची, म्हणजे 'ऑन' असतानाची वेळ निवडा. बाबांची सकाळची गोळी घेतल्यावर साधारण तासाभराने. तुमची वेळ वेगळी असेल, दोन-तीन दिवस नोंद ठेवलीत की कळेल. रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला ती बांधून टाका. बाबा पेपर उघडण्याआधी व्यायाम करतात. 'वेळ मिळेल तेव्हा' म्हटलं की तो दिवस गेलाच.

खुर्चीत पुढे सरकून ताठ बसा, पाय जमिनीवर टेकलेले. बाजूला पाणी ठेवा. क्रम असा:

१. लांब 'आ'. पोट फुगेल असा श्वास घ्या आणि मोकळ्या, भरल्या आवाजात 'आ' लावा. जमेल तितका लांब, पण शेवटी आवाज घासायला लागण्याआधी थांबा. आठ-दहा वेळा. थेरपिस्टने वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा.

२. खालून वर आणि वरून खाली. त्याच 'आ'ने आवाज चढवत न्यायचा, मग उतरवत आणायचा, प्रत्येकी आठ-दहा वेळा. पार्किन्सनमध्ये बोलण्यातला चढ-उतार जातो आणि प्रश्न विचारला की माहिती दिली, हेच समोरच्याला कळेनासं होतं. हा व्यायाम त्यासाठी आहे.

३. आपली दहा वाक्यं. रोज घरात खरोखर बोलली जाणारी. बाबांच्या यादीत आहेत: "माझा चष्मा कुठे ठेवलास?", "गोळीची वेळ झाली का?", "हॅलो, कोण बोलतंय?", "थांब, माझं बोलणं पुरं होऊ दे." शेवटचं वाक्य त्यांनी स्वतः घातलं, आणि ते ऐकून मला ओशाळल्यासारखं झालं. प्रत्येक वाक्य पाच वेळा, त्याच 'आ'च्या ताकदीने. दोन-तीन महिन्यांनी यादी बदला.

४. वाचन. पाच मिनिटं, बातमी, कविता, अग्रलेख, काहीही. जे वाचाल त्यावर पुस्तक मिटून दोन-तीन वाक्यं मनाने बोला. कागद समोर असताना आवाज टिकतो आणि विचार करत बोलायला लागलं की पडतो, म्हणून हा शेवटचा भाग गाळू नका.

मोठा आवाज म्हणजे घसा आवळून काढलेला आवाज नाही. मान-जबड्याच्या शिरा ताणल्या जात असतील, घसा दुखत असेल किंवा आवाज घोगरा होत असेल तर पद्धत चुकते आहे. थांबा, आणि थेरपिस्टला दाखवा. ब्रिटनमध्ये ३८८ शुभार्थींवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यात 'लाउड' पद्धतीचा स्पष्ट फायदा दिसला, पण घशाला ताण आल्याच्या तक्रारीही त्याच गटात जास्त होत्या. चक्कर येत असेल तर दोन 'आ'मध्ये नेहमीचा श्वास घेत विसावा घ्या. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर सगळं पार्किन्सनच्या माथी मारू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्या.

वाक्याचं शेपूट सांभाळा

हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, आम्हाला ठेच लागून कळलं. एका संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, "मला आज त्यांच्याकडे जायचं नाही." आई तयार होऊन, कुलूप हातात घेऊन दारात उभी. बाबा खुर्चीत तसेच, आणि चिडलेले. झालं काय होतं? श्वास वाक्याच्या शेवटी संपतो, आवाज तिथेच पडतो, आणि मराठीत 'नाही' बसतो नेमका शेवटी. आईला ऐकू आलं ते "मला आज त्यांच्याकडे जायचं".

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. हवं की नको, केलं की करायचंय, दुखतंय की दुखत होतं, सगळा निवाडा शेपटात. म्हणून तीन सवयी लावून घ्या. नकार आधी द्या: "नाही, मला जायचं नाही." वाक्य लहान ठेवा, पाच-सहा शब्दांवर श्वास. आणि शेवटच्या शब्दावर मुद्दाम जोर द्या, टाळी दिल्यासारखा. बाबा मांडीवर बोटाने हलकी थाप देतात. ज्यांचे शब्द घाईने एकमेकांवर आदळतात, त्यांना हीच थाप प्रत्येक शब्दाला द्यायची सवय लावली तर वेग आवरतो.

आणखी एक पाहिलंत का? श्वास कमी पडला की आमच्याकडे ख, घ, थ, भ ही अक्षरं आधी जायची, 'खाली'चं 'काली' व्हायचं. म्हणून वाचनासाठी मी मुद्दाम अशा अक्षरांनी भरलेली वाक्यं काढून देते. हा माझा घरगुती उद्योग आहे, थेरपीचा भाग नव्हे.

व्यायाम बाहेर आणा

सकाळी पंधरा मिनिटं खणखणीत आणि उरलेला दिवस कुजबुज, हे फार जणांचं होतं. खरी कमाई दिवसभराच्या बोलण्यात आहे. म्हणून रोज एक 'कामगिरी' ठरवा: आज दुसऱ्या खोलीतून हाक मारायची, आज फोन बाबांनीच उचलायचा, आज शेजाऱ्यांशी दोन वाक्यं बोलायची. एका दिवशी एकच. सुरुवात शांत खोलीतल्या एका माणसापासून करा. फोन त्याच्या पुढची पायरी, आणि घोळका सगळ्यात शेवटी. फोनवर ओठ दिसत नाहीत, त्यामुळे तो अवघड जातो. व्हिडिओ कॉल त्या मानाने सोपा.

घरच्यांसाठी नियम थोडेच आहेत, पण पाळायला कठीण. टीव्ही बंद करून बोला. समोर येऊन, चेहरा दिसेल असं बसा. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा, कारण शब्द सापडायलाही वेळ लागतो आणि गप्प बसणं म्हणजे उत्तर नसणं नव्हे. वाक्य त्यांच्या तोंडून काढून घेऊन स्वतः पुरं करू नका. कळलं नाही तर कळल्यासारखी मान डोलावू नका, जेवढं कळलं तेवढं सांगा आणि उरलेलं विचारा, "पेन्शनच्या कागदाचं कळलं, तो कोणाला द्यायचा?" त्यामुळे त्यांना सगळं पहिल्यापासून बोलावं लागत नाही.

आठवण करून द्यायची तर कशी? "मोठ्याने बोला, मोठ्याने बोला" हे दिवसभर ऐकून कोणीही वैतागेल. आम्ही खूण ठरवली, तळहात वर उचलायचा, बस. पाहुण्यांसमोर तीही नाही. चारचौघांत दुरुस्त केलं की माणूस पुढच्या वेळी बोलतच नाही.

गोळीचा असर उतरलेला असताना महत्त्वाचं बोलणं काढू नका. पैशांचे, दवाखान्याचे, सह्यांचे विषय 'ऑन'च्या वेळेत घ्या. डॉक्टरांकडे जाताना तीन प्रश्न लिहून न्या आणि पहिला प्रश्न शुभार्थीलाच विचारू द्या. आमच्याकडे दोन वर्षं डॉक्टर बाबांबद्दल माझ्याशी बोलत होते आणि मी उत्तरंही देत होते!

गोळी, शस्त्रक्रिया आणि उपकरणं

लेव्होडोपाने, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य औषधाने, हातापायांना जितका फरक पडतो, तितका भरवशाचा फरक आवाजाला पडत नाही. म्हणून केवळ आवाजासाठी डोस वाढवून मागण्यात फारसा अर्थ नसतो, आणि स्वतःहून डोस बदलणं तर नकोच. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे डीबीएस, झाली असेल तर कंप कमी होऊनही बोलणं बिघडू शकतं. कधी कधी मशीनच्या सेटिंगचा त्यात हात असतो. आवाज बदलला तर न्यूरॉलॉजिस्टना आवर्जून सांगा, बऱ्याच मंडळींचं हे सांगायचंच राहून जातं.

कॉलरला लावायचा छोटा माइक आणि कमरेचा स्पीकर, हा आवाज लहान पण शब्द स्पष्ट असलेल्यांना फार उपयोगी. शब्दच अस्पष्ट असतील तर मात्र अस्पष्टपणाच मोठा होतो. अशा वेळी मुळाक्षरांचा तक्ता चांगला: बोलताना प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवायचं. वेग आपोआप कमी होतो आणि ऐकणाऱ्याला अंदाज बांधता येतो. असा तक्ता लागायच्या आधीच सरावाचा करून ठेवा. तशीच एक सूचना, थोडी जड वाटेल: आवाज चांगला आहे तोवर नातवंडांसाठी गोष्टी, घरच्यांची नावं, नेहमीची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा.

गिळण्याकडे लक्ष ठेवा

बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू बरेचसे तेच. खाता-पिताना खोकला किंवा ठसका, पाणी प्यायल्यावर ओलसर, गुळगुळता आवाज, जेवणाला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ, घटणारं वजन, पुन्हा पुन्हा छातीत कफ: यांतलं एकही दिसलं तर महिन्याच्या तपासणीची वाट पाहू नका. काहींच्या श्वासमार्गात अन्न-पाणी जातं आणि खोकलाही येत नाही, म्हणून बाकीच्या खुणांकडे जास्त बघावं लागतं. त्यातून होणारा न्यूमोनिया पार्किन्सनमध्ये जिवावर बेतू शकतो. पाणी घट्ट करून देणं किंवा हनुवटी खाली करून गिळणं हे उपाय ऐकीव माहितीवर करू नका, ते सगळ्यांना लागू पडत नाहीत. जोराने फुंकण्याचं छोटं उपकरण वापरून श्वास सोडणाऱ्या स्नायूंचा व्यायामही काहींना सांगतात. रक्तदाब, हर्निया किंवा डोळ्यांचा काचबिंदू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

लाळ गळते ती बहुतेक वेळा जास्त तयार होते म्हणून नव्हे, ती आपोआप गिळली जात नाही म्हणून. बोलायला सुरुवात करण्याआधी एकदा गिळायचं, ही सवय आम्हाला सोपी गेली.

बाकीचं जगणं

आवाज कमी झाला की माणूस आधी फोन टाळतो, मग कार्यक्रम, मग घरातल्या गप्पा. चेहरा कोरा असल्याने लोकांना वाटतं, याला रस नाही. त्यात उदासी हा पार्किन्सनचाच एक भाग असू शकतो, मनाचा कमकुवतपणा नव्हे, आणि तिच्यावर औषध असतं. दोन-तीन आठवडे कशातच मन लागत नसेल तर ते डॉक्टरांना आवाजाइतकंच ठळकपणे सांगा. चालणं, व्यायाम, झोप यांवर स्वतंत्र लिहावं लागेल. इथे एवढंच, की दमलेल्या माणसाकडून मोठा आवाज निघत नाही, म्हणून बोलायचा कार्यक्रम असेल त्या दिवशी दुपारची विश्रांती सोडू नका.

गटात जा. गाण्याचा, वाचनाचा, पार्किन्सनचा, कुठलाही, प्रत्यक्ष जमत नसेल तर ऑनलाइन. गाण्याने व्यायामाची सुट्टी होत नाही, पण एकत्र गाताना श्वास आपोआप भरून घेतला जातो आणि कोणी कोणाला "काय?" विचारत नाही. बाबा घरी टाळाटाळ करतात, गटात मात्र पहिल्या रांगेत बसतात.

शुभंकरानेही आठवड्यातून एक वेळ अशी ठेवावी जेव्हा आवाजाची शिकवणी दुसरं कोणीतरी घेईल. मी ते माझ्या भावावर सोपवलंय, रविवारी व्हिडिओ कॉलवर तोच व्यायाम घेतो.

परत कधी जायचं

थेरपी संपताना पुढची तारीख घेऊनच बाहेर पडा, साधारण सहा महिन्यांनंतरची. त्याआधीही जा, जर महिन्याचं रेकॉर्डिंग सलग दोनदा पडलेलं वाटलं, घरात "काय म्हणालात?" पुन्हा वाढलं, शब्द अडखळून तेच तेच येऊ लागले, किंवा गोळ्या बदलल्यावर बोलणं बदललं. बऱ्याचदा दोन-चार सत्रांत काटा पुन्हा जागेवर येतो, पुन्हा पूर्ण चार आठवडे लागतातच असं नाही. जाताना न्यायच्या गोष्टी: फोनमधली महिन्यांची रेकॉर्डिंग, गोळ्यांची वेळापत्रकासह यादी, व्यायाम किती दिवस चुकला याचा खरा आकडा, आणि गेल्या महिन्यात कुठल्या तीन ठिकाणी बोलणं अडलं त्याची नोंद. आमच्या मागच्या नोंदीत होतं: फोनवरचं बँकेचं काम, लिफ्टमधले शेजारी, आणि नातीला मारलेली हाक.